तांडेलमामांची टकटक

कुठलीही वस्तू हाती लागली की तांडेलमामा आधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. माठ, कलिंगड, दाराची फळी, काहीही. "माणूस लबाड आसतो, आवाज न्हाय," हे वर ठरलेलं वाक्य. माझ्या लग्नात तर त्यांनी नवरदेवाच्या पाठीवर वाजवून पाहिलं आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "भरीव हाय. पसंत!" माझे सासरे पुढे आठवडाभर फुगून बसले होते.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. उभं आयुष्य मुंबईत होड्या दुरुस्त करण्यात गेलं, म्हणून गावाने त्यांना तांडेल, म्हणजे होडीचा कप्तानच, करून टाकलं. मामी मात्र इकडेच, हिप्परग्याच्या तलावाजवळच्या गावात, कोरडवाहू रानात राबत राहिल्या. दिवाळीला मामा यायचे आणि दर वेळी सांगायचे, "एकदा तुला शिडाच्या होडीत बशिवतो बघ."

"आदी चुलीला लाकडं आणा," मामी म्हणायच्या.

मामा कायमचे परतले ते ट्रकमध्ये एक जुनी फायबरची होडी घालूनच. मुंबईत कुणीतरी भंगारात काढलेली. लिंबाखाली ती पालथी घालून ते कामाला लागले. जुना थर घासायचा, काचेच्या धाग्यांचं कापड पसरायचं, वर रेझिन चोपडायचं. आपल्याकडच्या उन्हात ते रेझिन डब्यातच दगड व्हायचं, मग मामा तांबडं फुटायच्या आधी उठायला लागले. घासताना उडणारी पूड अंगभर खाजायची आणि छातीत बसायची. खोकला लागला तो गेलाच नाही. पुरे करा म्हटलं तर म्हणायचे, "तुज्या मामीला बसायचंय हिच्यात. गळकी चालंल व्हय?" मला त्या होडीचा रागच यायचा.

होडी तयार झाली आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. तलावाच्या तळाला भेगा गेल्या. रानात काही उरलं नाही तेव्हा मामा पुन्हा मुंबईला जुन्या कामावर गेले. जाताना मामींना एवढंच म्हणाले, "होडीला जप."

मामींनी जपलं. उन्हाळ्यात बैलगाडीची चाकं ओली ठेवतात, नाहीतर लाकूड आटून लोखंडी धाव निसटते, हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. त्यांनी चार माणसं बोलावून होडी उताणी करून घेतली, आत पोती अंथरली आणि भांडी विसळलेलं पाणी रोज त्यांवर ओतलं. गाव हसलं. "हासू द्या," त्या म्हणाल्या. "हे आलं की त्यास्नी होडी उललेली दिसाय नगं."

फायबर काही आटत नाही. पण त्या होडीच्या मागच्या फळीत, फायबरच्या पोटात लाकूड होतं, आणि सुकाणू तिच्यावरच बसायचं. एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत मुरत राहिलं.

पाऊस झाला, तलाव भरला, मामा परत आले. मी तेव्हा तिथेच होते. ते होडीवर पुढून टकटक करत निघाले. टण, टण. मागच्या फळीशी आवाज भद्द झाला. पुन्हा वाजवलं. भद्दच. मामी पदराला हात पुसत शेजारी उभ्या होत्या. "रोज पानी घातलं. नीट हाय न्हवं?"

"नीट हाय की," मामा म्हणाले. "तुज्यामुळंच ऱ्हायली."

मामी आत गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "कुजली गं आतनं."

"मग उघडा, नवं लाकूड घाला."

"उगडली की तिला दिसंल. प्यायला पानी नव्हतं तवा हिला पाजलंय तिनं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मामींना ठेवणीतलं लुगडं नेसायला लावलं आणि होडीत बसवलं. शीड चढवलं. सुकाणू लावलं नाही. स्वतः छातीभर पाण्यात उतरले आणि मागून होडीच्या दोन्ही कडा धरून तिला काठाकाठाने वळवत चालत राहिले. शिडात वारा भरला तशा मामी पोरीसारख्या किंचाळल्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मामा तोंडावर दंड दाबून खोकत होते. मला काठावर रडू आवरेना.

त्या हिवाळ्यात मामा गेले.

मामी पुढे कितीतरी वर्षं होत्या. शिडाची होडी कशी चालते ते घरात आलेल्या प्रत्येक नव्या सुनेला ठसक्यात सांगायच्या, "नवऱ्यानं पान्यात उतरून मागनं धराय लागतं. त्याबिगार वळत न्हाय ती." मी समोर असले तर माझ्याकडे बघायच्या, आणि मी म्हणायचे, "व्हय मामी."

मग त्या उठून लिंबाखालच्या होडीत तांब्याभर पाणी ओतून यायच्या.