चेलोताईचा डूख

तिला सगळे चेलोताई म्हणत. संगीत शाळेत चेलो, म्हणजे व्हायोलिनसारखंच पण मोठं, खर्जातलं वाद्य, शिकवायची आणि शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. थोरला भाऊ व्हायोलिन वाजवायचा, वहिनी पियानो. तिघांचा संच गावात नावाजलेला. टाळ्या घ्यायला दादा पुढे यायचा. त्यात ताईला कधी वावगं वाटलं नाही.

तिचं खरं काम जेवणाच्या टेबलावर चालायचं. शाळेतली बरीच मुलं अधलीमधली: नवखी नाहीत, पण तयारही नाहीत. त्यांना मोठ्या वाद्यवृंदाच्या रचना झेपत नसत आणि सोप्या धड्यांचा कंटाळा यायचा. ताई त्यांच्यासाठी रचना तीन वाद्यांपुरत्या बसवून लिहायची. एक जुनी शास्त्रीय, मग एक सगळ्यांच्या ओठांवरचं गाणं. तिचा एकच हट्ट असायचा: प्रत्येक रचनेत तिघांच्याही वाट्याला एकदा तरी मुख्य सुरावट यायला हवी. कुणी नुसतं हाताखाली राबायचं नाही.

या रचनांचं पुस्तक निघालं ते तिला वाद्यांच्या दुकानात कळलं. तारा घ्यायला गेली होती. काचेमागे पुस्तक होतं आणि त्यावर एकट्या दादाचं नाव. हस्तलिखितं तिनेच त्याच्याकडे ठेवायला दिली होती.

ती तशीच त्याच्या घरी गेली. दादा जराही ओशाळला नाही. लोक व्हायोलिनवाल्याला ओळखतात, चेलोवाल्याला कोण विचारतं, असं म्हणाला. वर हसून म्हणाला, "अगं, सुचायचं ते आपण वाजवताना सुचायचं. तू फक्त उतरवून घेतलंस."

वहिनी खाली बघत राहिली. ताई घरी आली, आणि त्या दिवसापासून तिने डूख धरला.

पुस्तक हातोहात खपलं. प्रकाशकाला दुसरं हवं होतं, आणि दादाला तर एक ओळ लिहिता येत नव्हती. नव्या रचना लिहून दे म्हणत तो गोड बोलत आला. ताईने लगेच हो म्हटलं.

दादाचं एक व्यंग तिला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याचा हात गोड होता, पण गप्प बसायच्या मात्रा त्याला मोजता येत नसत. कधी सुरू करायचं ते ताई मान किंचित हलवून सांगायची. इतकी वर्षं ही खूण वहिनीशिवाय कुणाच्या लक्षात आली नव्हती.

दुसऱ्या पुस्तकातली शेवटची रचना ताईने मन लावून लिहिली. व्हायोलिनला सूर मोजके, सोपे, आणि मध्ये लांबलचक शांतता. तिच्या वर्गातली मुलं ती हसतखेळत वाजवायची. तालमीत ती दादाला नेमाने खुणावत राहिली. तो खूष होता.

प्रकाशनाला सभागृह भरलं होतं. पुढे संगीत शिक्षक, मागे त्यांचे विद्यार्थी. शेवटची रचना सुरू झाली आणि ताईने नजर कागदावर रोवली. मान हलवलीच नाही.

दादा आधी घुसला. थांबला. मग इतका थांबला की त्याची जागा निघून गेली. वहिनीने दोन्ही हात पियानोवर अडकलेले असताना ताईकडे काकुळतीने पाहिलं. ताईला ते दिसलं. ती वाजवत राहिली, आणि आयुष्यात इतकं सुरेल तिने कधी वाजवलं नव्हतं. मागे मुलं खुसखुसू लागली. दादाने गज खाली घेतला आणि उरलेली रचना दोघींनीच पुरी केली.

पडद्यामागे त्याने तिला गाठलं. "तू खूण का नाही केलीस?"

"कागदावर सगळं लिहिलेलं होतं, दादा. फक्त मोजायचं होतं."

ते सगळं प्रकाशकाने ऐकलं. ज्याच्या नावावर रचना त्यालाच ती मोजता येत नाही, हे त्याला खटकलं; त्याने चौकशी केली, शाळेतले शिक्षक बोलले, आणि नव्या आवृत्तीवर ताईचं नाव आलं. दादाने चारचौघांत वाजवणं सोडलं.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी वहिनी दारात उभी राहिली. तो व्हायोलिन पेटीतून काढतच नाही, म्हणाली. ऐकून ताईला बरं वाटलं. ते तिने स्वतःपासून लपवलं नाही. वहिनीकडे बघताना मात्र तिला सभागृहातली ती काकुळतीची नजर आठवली.

"तुमचा राग अजून गेला नाही ना?" वहिनीने विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "पण तुम्ही आत या."