द्राक्षांचा वास

पिंप्राळ्यात आमच्या घरासमोर फळांची गाडी लागते. उन्हानं तिच्यावरची द्राक्षं आंबायला लागली, की मी खिडकी लावून घेतो. बायकोला वाटतं, मला माश्यांचा त्रास होतो.

धुळ्याच्या एका इस्पितळात मी नवा सर्जन होतो. धरणगावच्या आबांचं फुटलेलं अपेंडिक्स काढून तीन दिवस झाले होते. ताप किरकोळ होता, पट्टी वरून कोरडी होती. पाचव्या दिवसाआधी पट्टीला हात लावायचा नाही, असा आमच्याकडचा दंडक. खाटेजवळ गेलो तर पिकल्या द्राक्षांसारखा गोडसर वास आला. उशाशी कापडी पिशवी होती.

"अक्का, यांना द्राक्षं द्यायची नाहीत," मी आबांच्या बायकोला दटावलं.

"पिशवीमा भाकर शे, साहेब. द्राक्षे नही," त्या म्हणाल्या आणि पिशवी उघडून माझ्यासमोर धरली. नातेवाईक लपवून खाऊ घालतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी पुढच्या खाटेकडे वळलो.

पाचव्या दिवशी पट्टी सोडली. आतलं गॉज हिरवं झालं होतं, आणि तोच वास. जखमेतला एक जंतू असा वास सोडतो, हे मी तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतं. आबा आठवडाभरात गेले.

अक्कांनी मला कधी बोल लावला नाही. त्या दिवशी मी नुसती मान वाकवून पिशवीत पाहिलं असतं, तरी आतली भाकर दिसली असती.