वटवट्याच्या पायातलं कडं

आमच्या ह्यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, पण कुठल्या बंदरापाशी कुठला पक्षी डेकवर येऊन बसला होता ते खुशाल विचारा. गुहागरचे निशिकांत वैद्य, मरीन इंजिनियर. बत्तीस वर्षं बोटींवर आणि इथे परदेशात, तुआसच्या जहाजगोदीत गेली. समुद्र ओलांडताना दमलेले पक्षी बोटीवर उतरत, तेव्हा हे इंजिनरूममधून वर येऊन बाटलीच्या झाकणात पाणी ठेवायचे. घरी स्वतःच्या हाताने कधी पाणी घेतलं नाही, तो भाग वेगळा.

२०१०ला निवृत्त झाले आणि वर्षभर फ्लॅटच्या खिडकीत नुसते बसून राहिले. धड बोलणं नाही, जेवण नाही. मी हादरलेच. मग कळलं, की उत्तरेची थंडी टाळून इथे येणाऱ्या पक्ष्यांना लिमबाई नावाच्या पक्षी-अभ्यासक खारफुटीत जाळी लावून पकडतात, पायात ओळखीसाठी नंबराचं बारीक कडं घालतात आणि सोडून देतात. मीच ह्यांना तिकडे पिटाळलं. दोन वर्षं शिकून परवाना मिळाला आणि माझा माणूस पुन्हा माणसात आला. हे आकडे सांगायचे, मी शेजारी बसून तक्त्यात लिहायचे. एरवी ह्यांचं एक वाक्य मी पुरतं ऐकून घेत नाही, पण तिथे अगदी निमूट.

२०१४च्या अखेरीस ह्यांचा डावा हात थरथरू लागला. नोव्हेनाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. परतताना एमआरटीच्या गाडीत हे म्हणाले, लिमबाईंना सांगायला हवं. मी अडवलं. सांगितलं असतं तर कडी घालणं त्याच दिवशी बंद, आणि ती खिडकी मला पुन्हा बघायची नव्हती. गोळ्यांनी हात थांबतोय ना, मग कशाला सांगायचं, असं मीच म्हटलं. माझंच डोकं फिरलं होतं.

मार्च २०१६. सकाळचे आठ वाजले असतील. जाळ्यात सायबेरियाचा वटवट्या सापडला, चिमणीपेक्षाही लहान. पिशवीत घालून वजन केलं, साडेअकरा ग्रॅम. ह्यांनी पोटावर फुंकर घातली तर पिसांखाली हळदीसारखी पिवळी चरबी, परतीच्या प्रवासाची शिदोरीच. मग डाव्या मुठीत पक्षी, उजव्या हातात पक्कड. हात थरथरला. तो थांबवायला ह्यांनी मूठ जरा आवळली. एवढ्याशा जिवाची छाती हलली तरच श्वास चालतो. कडं बसलं, पण मूठ उघडली तेव्हा त्याची मान लवंडली होती.

लिमबाई आल्या, पक्षी बघितला. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून मला म्हणाल्या, काही येतात तेच दमून, अशक्त होता असं लिही. पक्षी हातात मेला तर कारण आणि हाताळणाऱ्याचं नाव तक्त्यात लिहायचं, हा तिथला नियम. माझा जीव भांड्यात पडला. सांगायला लाज वाटते, पण पडला. मी भराभर लिहूनही टाकलं.

"खोड ते, सविता," हे म्हणाले. "साडेअकरा ग्रॅम तूच लिहिलंयस ना? धडधाकट होता तो. माझ्या मुठीत गेला. तसं लिही, आणि खाली माझं नाव घाल."

मी खोडलं, तसं लिहिलं, नाव घातलं. मग ह्यांनी लिमबाईंना हाताचं सगळं सांगितलं. किती दिवसांपासून आहे हे, असं त्यांनी विचारलं तेव्हा हे खाली बघत राहिले. मला वाचवत होते, दुसरं काय. मला ते सहन होईना.

"सव्वा वर्ष झालं," मी म्हटलं. "हे सांगणार होते. मी सांगू दिलं नाही."

लिमबाईंनी ह्यांच्याकडून पक्कड घेतली. मग माझ्यापुढे हात केला, आणि मी तक्ता देऊन टाकला.