रॅम्प उघडला की नाही

अठरा हजार सहाशे रुपये. जूनच्या तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी साडेसात वाजता, काळाचौकीतल्या आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकारिणीने ही रक्कम एकमताने मंजूर केली. हजर सभासद अकरा. इतिवृत्त मी लिहिलं, कारण मी खजिनदार आहे आणि आमच्या चिटणीसाचं अक्षर लागत नाही. विषय होता, मंदाकिनी घाडी यांना बसमध्ये चढता यावं म्हणून चाळीसमोरच्या थांब्यावर लाकडी चौथरा बांधणे. मंदाकिनी घाडी सभेला नव्हत्या. मंडळाचं कार्यालय माळ्यावर आहे आणि वर जायला लोखंडी शिडी आहे. ही गोष्ट अकराजणांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

मंदाताई तळमजल्यावर चार नंबरच्या खोलीत आईबरोबर राहायची. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लहानपणच्या पोलिओने दोन्ही पाय गेले होते. आधी कुबड्या, आणि पंचेचाळिशीनंतर चाकांची खुर्ची. फोर्टातल्या एका सरकारी कार्यालयात ती आवक-जावक लिपिक होती. बाहेरून आलेला प्रत्येक कागद तिच्या टेबलावर थांबायचा, वहीत नोंदला जायचा, क्रमांक घ्यायचा आणि मगच आत साहेबांकडे जायचा. तीस वर्षं हे काम केल्यावर तिचं असं मत झालं होतं की ज्याला क्रमांक नाही ते घडलेलं नाही. घरमालक म्हणाला, "पावसाआधी छप्पर करून देतो," की ती विचारायची, "आवक क्रमांक काय?" माझा मुलगा दहावीला नव्वद टक्के आणतो म्हणाला, तेव्हाही तिने हेच विचारलं. त्याला बहात्तर मिळाले.

नव्या बसगाड्यांमध्ये मधल्या दाराशी रॅम्प असतो हे आधी सांगायला हवं, कारण पुष्कळांना ते माहीत नसतं. बसच्या जमिनीत बसवलेली लोखंडी फळी. कडी धरून उलटली की फूटपाथवर टेकते आणि खुर्ची आत जाते. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. उघडणं, चढणं आणि मिटणं मिळून एक मिनिट चाळीस सेकंद लागतात. मंदाताई सकाळी आठ वीसला थांब्यावर असायची. पुढे काय होईल ते त्या एक मिनिट चाळीस सेकंदांची कुणाला किती घाई आहे, यावर ठरायचं.

"मावशी, मागची घ्या ना. मागची रिकामी येतेय," कंडक्टर दारातून म्हणायचा.

"मागच्या गाडीचा नंबर सांगा, लिहून घेते."

"तो मला कसा माहीत असणार?"

"मग ती रिकामी आहे हे कसं माहीत?"

बस निघून जायची. मंदाताई मांडीवरची दोनशेपानी वही उघडायची. रकाने तिने स्वतः आखले होते. तारीख, बस आली ती वेळ, गाडीचा नंबर, रॅम्प उघडला की नाही, सांगितलेलं कारण, कार्यालयात पोचल्याची वेळ. कारणांचा रकाना वाचण्यासारखा होता. कडी सापडत नाही. गर्दी आहे. गर्दी नाही, पण लेट आहे. नवीन आहे, येत नाही. एका ठिकाणी नुसतं 'आज शनिवार' असं होतं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "तो एवढंच म्हणाला. मी माझ्या पदरचं कशाला घालू?"

थांब्यावर मंडळाची मुलं असायची. ती चांगली मुलं आहेत. खुर्चीसकट उचलून दोन मिनिटांत आत ठेवतो, असं ती रोज म्हणायची. मंदाताईचं उत्तर ठरलेलं होतं, आणि ते मालवणीत असायचं, म्हणजे विषय संपला असं समजायचं. "माका उचलूक नको. माका चढाचा आसा." एकदा मी समजावायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "विलास, उचलणारा उद्या गावी गेला की मी घरी. बस दर वीस मिनिटांनी येते, ती गावी जात नाही. आणि चारजणांनी उचलून न्यायचा एक दिवस येणारच आहे. तेव्हा मी काही बोलणार नाही."

तिला वाट बघायची सवड नव्हती, हेही खरं. तिच्या कार्यालयात तीन उशिरांना एक दिवसाची रजा कापत. जूनपर्यंत आठ दिवस कापले गेले होते, आणि साहेबांनी लेखी विचारलं होतं की प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती घेण्याबाबत आपला काय विचार आहे. तिची पाच वर्षं बाकी होती. घर तिच्या पगारावर चालायचं. टॅक्सीचा हिशेब मी करून दिला होता. जाऊन-येऊन चारशे वीस, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर साडेदहा हजार. तिने कागद बघितला, घडी केली आणि म्हणाली, "बेरीज बरोबर आहे." टॅक्सी तिने कधी केली नाही.

म्हणून मंडळाने चौथरा बांधला. आमच्याकडे डेकोरेटर आहे, फळ्या आहेत, दहा दिवसांसाठी हवा तो महाल उभा करायची सवय आहे. चौथऱ्याची उंची बसच्या जमिनीइतकी, मागून चढायला उतार, वर हिरवा गालिचा. पोरंसोरं खाली पडू नयेत म्हणून रस्त्याच्या बाजूने कठडा, कठड्याला कमान, कमानीवर मंडळाचं नाव. बसच्या दारासाठी कठड्यात तीन फुटांची फट. माप मी घेतलं होतं. एक बस थांब्यावर उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता, मी टेप लावला. उद्घाटनाला नारळ मंदाताईनेच फोडला.

माझी चूक दुसऱ्या दिवशी आठ वीसला कळली. बस फटीसमोर थांबली नाही. चार फूट पुढे थांबली. तिसऱ्या दिवशी सहा फूट मागे. ड्रायव्हर ब्रेक मारतो तो समोरची टॅक्सी बघून, आमचा कठडा बघून नव्हे. आणि दार फटीसमोर आलं नाही की रॅम्प कठड्यावर आपटायचा. पूर्वी जे रॅम्प उघडायचे तेही आता उघडेनात. दोन महिन्यांत आणखी तीन दिवसांची रजा कापली गेली. एकूण अकरा.

मंदाताईने माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांचा स्टँप लावून, बससेवेकडे माहिती मागितली होती. रॅम्प न उघडल्यास जबाबदार कोण? ऑगस्टमध्ये उत्तर आलं. तिने मला खालून हाक मारली.

"विलास, खाली ये. येताना पेन आण."

उत्तरात लिहिलं होतं की सदर थांब्यावर स्थानिक मंडळाने केलेल्या बांधकामामुळे रॅम्प उघडणे शक्य होत नाही. त्याला जोडून तिने मंडळाच्या नावे एक पत्र लिहिलं होतं. चौथरा आठ दिवसांत काढावा, अन्यथा वॉर्ड ऑफिसकडे तक्रार करावी लागेल.

"याच्यावर पोच दे," ती म्हणाली. मी सही केली, तारीख घातली.

आमचा अध्यक्ष बाळा तावडे तासाभरात हजर झाला. चेहरा लाल.

"ताई, तुझ्यासाठीच केला ना आम्ही? नारळ तुझ्या हातून फोडला!"

"नारळ चांगला होता."

"मग वॉर्ड ऑफिस काढतेस आमच्यावर? आम्ही काय चोर आहोत?"

"नाही रे बाळा. तुम्ही कारण आहात. आधी त्यांच्याकडे कारण नव्हतं. 'आज शनिवार' म्हणायला लागायचं. आता छापील कारण मिळालं."

"बरं, चौथरा राहू दे. पोरं रोज उचलतील तुला. आईशप्पथ, एक दिवस चुकणार नाही."

"गणपतीत?"

"ते अकरा दिवस सोडून."

"लिही," ती मला म्हणाली. मी लिहिलं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस चाळीत तिच्याशी कुणी धड बोललं नाही. घाडीणबाईला माणसांची किंमत नाही, असं नळावर ठरलं. श्रावणातल्या सत्यनारायणाचा प्रसाद चार नंबरला पोचला नाही. मी घेऊन गेलो, तर तिने आधी विचारलं, "मंडळाचा की तुझा?" माझा म्हटल्यावर घेतला. तिची आई आतून म्हणाली, "गो, चौथरो ऱ्हवाक दी. लोकांचा मन मोडता." मंदाताई म्हणाली, "आये, मन जोडता येता. नोकरी गेली की जोडूक येवची नाय." त्या रात्री मी बाळाकडे जाऊन सांगितलं की माप माझं चुकलं, आणि तसं इतिवृत्तात लिहिलं. चौथरा निघाला. फळ्या मंडपाच्या स्टेजला लागल्या, त्यामुळे अठरा हजार सहाशेपैकी साधारण बारा हजार वाचले. कमान कुणीतरी नेली.

आता कारण उरलं नव्हतं. मंदाताईने पुन्हा अर्ज करून बस चालवणाऱ्या कंत्राटदाराच्या कराराची प्रत मागवली. त्यात एक कलम निघालं. रॅम्प चालू ठेवणं कंत्राटदाराचं काम. न उघडल्यास प्रत्येक वेळी दोन हजार रुपये दंड. मात्र लेखी तक्रार आली पाहिजे. आजवर किती दंड झाला, या प्रश्नाला उत्तर होतं, निरंक. तक्रार क्रमांकासह कुणी केलीच नव्हती. लोकांच्या पैशातून गाडीचे, रॅम्पचे आणि देखभालीचे पैसे मात्र दरमहा नियमित जात होते. मंदाताईने ते कलम मला दोनदा वाचून दाखवलं. इतकी खूश मी तिला तिच्या बढतीच्या वेळीही पाहिली नव्हती.

तिने सव्वीस नोंदी पाठवल्या. बसमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण थोडेच दिवस ठेवतात म्हणून चार मान्य झाल्या. आठ हजार दंड झाला. आणि रॅम्प उघडायला लागले. रोज नाही, पण आठवड्यातून पाच दिवस. साहेबांनी पुन्हा स्वेच्छानिवृत्तीचं विचारलं नाही.

ही गोष्ट इथे संपली असती तर तिला आवडलं असतं. दिवाळीनंतर एका सकाळी बस थांबली, ड्रायव्हर स्वतः खाली उतरला आणि रॅम्पची कडी हातात धरून उभा राहिला. गोरख त्याचं नाव, नगरकडचा, तिशीतला.

"ताई, एक बोलायचंय. तुमच्या तक्रारीचे दोन हजार माझ्या पगारातून कापले."

"तुझ्या? दंड कंपनीला आहे."

"कंपनीने आमच्यावर टाकला. त्या दिवशी फळी जाम होती, ताई. मी काय करणार?"

"ओ, चला की! कीर्तन नंतर करा," आतून कुणीतरी ओरडलं.

मंदाताईने दाराकडे पाहिलं. "एक मिनिट चाळीस सेकंद होऊ द्या." मग गोरखला विचारलं, "जाम आहे हे कुणाला सांगितलं होतंस?"

"गाडी जमा करताना रोज कागद भरतो ना. त्यात बिघाड म्हणून रकाना असतो. तिथे लिहिलं. तीन दिवस लिहिलं."

लिहिलं, एवढं तिला पुरलं. त्या दिवशी तिने आपणहून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि डेपोत गेली. मी बरोबर होतो. कंत्राटदार कंपनीचे व्यवस्थापक पहिल्या मजल्यावर बसत. तिने चिठ्ठी पाठवली आणि खाली थांबली. पन्नास मिनिटांनी ते उतरले.

"बाई, तुमची तक्रार मान्य झाली, दंड झाला. आता काय?"

"दंड तुम्हाला झालाय. या मुलाने तीन वेळा लिहून दिलं होतं."

"तो रकाना कोणी वाचत नाही हो."

"एवढंच लिहून द्याल?"

त्यांनी दिलं नाही. घरी येताना ती बसमध्ये वही चाळत होती. शेवटी म्हणाली, "विलास, मी सव्वीस ठिकाणी गाडीचा नंबर लिहिला. एकदाही ड्रायव्हरला विचारलं नाही, बाबा, तुझं काय म्हणणं आहे." त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला. चालकाचे म्हणणे.

गोरखच्या तीन कागदांच्या प्रती तिने बससेवेकडून मिळवल्या. पानाला दोन प्रमाणे सहा रुपये. त्याच्या वतीने अर्ज लिहिला, दोनदा स्मरणपत्र पाठवलं. जानेवारीच्या पगारात त्याचे दोन हजार परत जमा झाले. त्याने थांब्यावर पेढे आणले. तिने एक घेतला आणि विचारलं, "बाकीच्या तिघांचे?" त्यांचे अर्ज तिने त्याच आठवड्यात लिहायला घेतले होते.

ते तिच्या हातून पुरे झाले नाहीत. फेब्रुवारीत तिला ताप आला, मग न्यूमोनिया. पाच दिवस परळच्या रुग्णालयात होती. सहाव्या दिवशी पहाटे गेली. निवृत्तीला चार वर्षं आणि दोन महिने राहिले होते.

तिघांचे अर्ज मी पुरे केले. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. दुसरा अर्ज तिच्या कार्यालयाकडे केला, वारस म्हणून तिच्या आईच्या सहीने. उशीर बसमुळे झाला हे दंडाच्या आदेशावरून दिसतं, तेव्हा कापलेली अकरा दिवसांची रजा परत जमा करून तिचे पैसे आईला द्यावेत. सोबत वही जोडली. तिच्या जागी आलेल्या मुलीने क्रमांक घालून ती आत पाठवली. साहेबांनी तेहतीसच्या तेहतीस उशीर वहीशी ताडून पाहिले. सत्तावीस मान्य केले, सहा नाकारले. नाकारलेल्या सहाही दिवशी मंदाताईने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, "बस वेळेवर. रॅम्प उघडला. मला उशीर झाला."

नऊ दिवसांचा पगार मे महिन्यात तिच्या आईच्या खात्यात जमा झाला.