खंडेनवमीचा आरसा

ठाकुर्लीच्या केशरबाईंची मेघना विमानं दुरुस्त करते म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे आतली साफसफाई का?" मेघना त्यावर नुसती अशी बघते की पाहुणा दुसरा चहा मागत नाही. गरीब गाय वगैरे अजिबात नाही ती. भांडखोर आहे, आणि आहे तेच बरं आहे.

हँगरच्या भिंतीवर हत्यारांचा फळा असतो. प्रत्येक पान्याची, पकडीची काळी आकृती त्यावर रंगवलेली, आणि तिच्यावरच ते हत्यार टांगायचं. काम संपलं की फळ्याकडे बघायचं. कुठे काळं दिसलं, तर हत्यार विमानात राहिलं. पोरालाही कळेल इतकं सोपं. फक्त खंडेनवमीला मॅनेजर विश्राम सर सगळी हत्यारं उतरवून लाल कापडावर मांडायला लावत. हळदकुंकू, झेंडू, पेढे, वर ग्रुप फोटो. त्यांच्या वडिलांच्या वर्कशॉपपासूनची रीत. रीत चांगलीच हो, पण त्या दिवशी अख्खा फळाच काळा.

तीन वर्षांपूर्वी, त्याच दिवशी, चाकं दुमडून बसतात त्या कप्प्यात मेघना डोकं घालून काम करत होती. हातात लांब दांड्याचा छोटा आरसा, जिथे मान जात नाही तिथलं बघायला. "मेघना, फोटो!" अशी हाक आली आणि ती आरसा तिथेच ठेवून गेली. फोटोनंतर तिला दुसऱ्याच कामाला पाठवलं. इंजिनिअर साईनाथने विमान उडायला सोडताना फळ्याकडे बघितलं, पण त्या काळ्यात एक आरसा नाही हे कळणार कसं? त्याने सही केली. विमान नागपूरला जाऊन आलं, तेव्हा चाकाशेजारी आरसा सापडला, दांडा वाकलेला. चाक अडकलं असतं तर? चूक आपली, हे मेघनाने कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

कंपनीच्या माजिवड्याच्या ऑफिसात चौकशी झाली. सरांनी कागद पुढे केला. कारण: मानवी चूक. खाली नाव एकट्या मेघनाचं.

"सही कर. नुसती ताकीद मिळेल. तुझ्या लायसन्सची शिफारस मी अडवणार नाही."

लायसन्स मिळालं की विमान सोडायची सही तिची होणार होती. त्यासाठीच तर ती इतकी वर्षं राबत होती.

"चूक माझी आहे, सर. पण फळा रिकामा होता, ते कुठंय यात?"

"त्याचा काय संबंध?"

"मानवी चूक म्हणताय ना, मग माणसं तरी नीट मोजा. मी विसरले, साईनाथदादांनी रिकाम्या फळ्यावर सही केली, आणि फळा रिकामा करवलात तुम्ही."

साईनाथ खिडकीतून हायवे बघत बसला. सरांनी चष्मा पुसला. "तुमच्यात पूजा करत नाहीत, माहितीय मला. म्हणून आमच्या रीतीवर घसरायचं कारण नाही."

झालं! आरसा राहिला बाजूला, मेघनाची जात निघाली. तिचं डोकं सणकलं, पण आवाज चढला नाही. "दरवर्षी तुमचे पेढे खाल्लेत मी. पूजा करा की, पण फळ्यावरच करा. बुद्धवंदनेच्या मेणबत्तीसाठी माझ्या आईने घरातले फ्यूज उपटले, तर मी तिलाही बोलेन."

"हे लिहिलंस तर शिफारस विसर."

"विसरले," म्हणत तिने तिघांचीही नावं लिहिली आणि मग सही केली.

"झाकली मूठ ठेवायचीस गं," घरी आल्यावर केशरबाई म्हणाल्या. "काय मिळालं?"

"काही नाही."

"मग जेव."

शिफारस अडली ती अडलीच. वरच्या साहेबांकडे खेटे घालून घालून तिने यंदा लायसन्स मिळवलं. पूजा मात्र जशीच्या तशी. या खंडेनवमीला सरांनी फळ्यावरच्या पहिल्या पान्याला हात घातला आणि मेघना आडवी आली.

"आजचं विमान माझ्या सहीवर जायचंय, सर. एकही हत्यार खाली उतरलं तर मी सही करणार नाही."

"माणसं खोळंबलीत टर्मिनलवर."

"म्हणूनच."

सर वळले. "साईनाथ, तू कर सही."

साईनाथने बराच वेळ खिशातलं पेन चाचपलं. "एकदा केली होती सर, रिकाम्या फळ्यावर," तो म्हणाला. "आता नाही करणार."

शेवटी सरांनी पाना परत टांगला, पूजेचं ताट उचललं आणि ते फळ्यासमोर उभं राहून एकेका हत्याराला हळदकुंकू लावत गेले. मेघना मागे थांबली होती. नव्या आरशाच्या काचेवर कुंकू सांडलं, तेवढं तिने रुमालाने पुसलं. फळ्यावर एकदा नजर फिरवली. काळं कुठेच नव्हतं. मग तिने सही केली.