सदुसष्टावं कार्ड

प्रभूचं वय अठ्ठेचाळीस, डोक्यावर केस निम्मे, आणि छंद असा की सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एकाही दुकानदाराला तो समजावून सांगता येऊ नये. प्रभू जपानी पत्ते जमवायचा. रमीचे नव्हेत. जपानी पोरं ज्यांच्यावरच्या प्राण्यांची एकमेकांशी लढाई लावतात, ते. त्यातही साहेबांना नवे चालत नसत. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली छापलेला एकच संच हवा होता, एकशेदोन कार्डांचा.

सुरुवात टॉवेलच्या कारखान्यात झाली. तिथं तो कॉम्प्युटरवर टॉवेलांची नक्षी काढतो. वीस वर्षांपूर्वी एक जपानी गिऱ्हाईक माल बघायला आलं आणि ‘मुलांना द्या’ म्हणून एक पाकीट ठेवून गेलं. प्रभूला तेव्हा मूल सोडा, बायकोही नव्हती. पाकिटात अकरा कार्डं निघाली. पाठीवर कंदील घेऊन निघालेलं कासव, ढगावर पाय दुमडून झोपलेला कोल्हा, पावसात छत्री धरून उभा असलेला मासा. माशाला छत्री कशाला, असं कुणीही विचारलं असतं. प्रभूनं विचारलं नाही. तो टेबलापाशी बसल्या बसल्या त्या पावसात जाऊन उभा राहिला.

मग ते वेड वाढतच गेलं. ओसाका शहरातली जुन्या वस्तूंची एक दुकानदारीण ओळखीची झाली, वर्षाला चार-पाच कार्डं येऊ लागली. रविवारी दुपारी, उन्हानं अख्खं सोलापूर दारं लावून घेतं तेव्हा, कूलरसमोर बसून प्रभू कार्डांची फाइल उघडायचा. “निघाले बघा जपानला,” शिवलीला, त्याची बायको, म्हणायची. तो खरोखरच निघालेला असायचा. आकड्यांच्या क्रमानं गेलं की एक गाव लागायचं, मग डोंगर, मग नदी. सहासष्टाव्या कार्डावर होडी काठावरून सुटत होती आणि अडुसष्टाव्यावर ती पलीकडच्या काठाला रिकामी लागलेली होती. मधलं सदुसष्टावं तेवढं नव्हतं. इंटरनेटवर चित्र मिळालं असतं, पण त्यानं मुद्दाम पाहिलं नव्हतं. नदीत काय झालं ते आपल्या हातातल्या कार्डावरच बघायचं, असा त्याचा हट्ट होता.

या श्रावणात ओसाकाहून निरोप आला: सदुसष्ट सापडलं, पाठवते आहे. प्रभूनं त्याच दिवशी एकशेदोन कप्प्यांची नवी फाइल आणली. रविवारी सकाळी जुन्या कप्प्यांतून सगळी कार्डं काढून, क्रमानं रचून त्यानं पलंगावर ठेवली, आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला. नमुन्याचा रंग चुकला होता. तो तसाच गेला.

घरात गुरप्पा होते, त्याचे वडील, म्हणजे अप्पा. वय चौऱ्याऐंशी. कॉम्प्युटर येण्याआधी चादरीवरची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून बसवायचे. ती हजारो कार्डं क्रमानं दोरीत ओवायची, त्यांची माळ मागावर चढवायची, की कापडावर मोर उतरायचा. एक कार्ड इकडचं तिकडं झालं की मोराची मान पायाशी जायची. अप्पांनी मिलमध्ये चाळीस वर्षं ती कार्डं ओवली. मिल बंद पडून जमाना झाला, तरी आता ते दिवसातून दहादा विचारायचे, “भोंगा झाला का रं?”

प्रभू चारला परतला. अप्पा ओसरीवर बसले होते, शेजारी भोकं पाडायचा जुना लोखंडी पंच आणि दाभण. मांडीवरून पायरीपर्यंत एक माळ उतरली होती. कासव, कोल्हा, मासा, सगळी होती. एकशेएक कार्डं, प्रत्येकाला चार भोकं.

“सुटी टाकून गेलास व्हय? कुणाचा पाय लागला असता म्हंजी?” अप्पा म्हणाले. “सदुसष्ट घावंना. म्हून कोरं घातलंय. मूळचं आलं की बदलू. आता नक्षी चुकायची न्हाय.”

सदुसष्टाच्या जागी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा होता, त्यावर पेन्सिलीनं कानडी आकडा.

ज्या कार्डांचा कोपरा जरा दबला तरी जमवणारे तोंड फिरवतात, त्यांना भोकं! प्रभू न्हाणीघरात गेला, नळ मोठा सोडला आणि लहान पोरासारखा रडला. शिवलीला शेजारी गेली होती, ती आली आणि तिनं न्हाणीघराच्या कडीला टॉवेल अडकवून ठेवला.

संध्याकाळी त्यानं माळ हातात घेतली. एकही भोक चित्राला लागलं नव्हतं, सगळी कडेच्या पट्टीत, एका रेषेत. मोजपट्टी नव्हती, नुसता अंदाज. आणि त्या दिवशी अप्पांनी भोंग्याचं एकदाही विचारलं नव्हतं.

आठव्या दिवशी पाकीट आलं.

“अहो, हे तरी लपवा की,” शिवलीला हळूच म्हणाली. “मामंजी इसरलेत आता.”

प्रभूनं ते उघडलं. नदी होती, मध्यावर होडी होती, आणि वल्हं मारत होतं पहिल्या पाकिटातलं ते कासव, कंदील पुढ्यात ठेवून. पाण्यावर उजेड पडला होता. तो कितीतरी वेळ त्या होडीत बसून राहिला. वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते कोरं करकरीत, कुणाचं बोटही न लागलेलं. ते द्यायला त्याचं मन होत नव्हतं, अजिबात होत नव्हतं.

मग तो ओसरीवर गेला. “अप्पा, सदुसष्ट आलंय.”

सकाळी काय खाल्लं ते न आठवणाऱ्या अप्पांनी लगेच हात पुढं केला. “आण. लई वाट बघितली की.”

पंच चार वेळा वाजला. प्रभूनं माळ ताणून धरली होती, ती चारही वेळा ढिली सोडली नाही. अप्पांनी पुठ्ठा काढला, कार्ड ओवलं, गाठ मारली आणि माळ दोन्ही हातांवरून सावकाश फिरवली. होडी सुटली, नदीत आली, काठाला लागली.

“लागली बघ पलीकडं,” अप्पा म्हणाले.

नव्या फाइलच्या सदुसष्टाव्या कप्प्यात आता साडीच्या खोक्याचा तो पुठ्ठा आहे. बाकीचे एकशेएक कप्पे रिकामे आहेत.