पारोशी

माघात पहाटे काशीत गंगेत तीन डुबक्या मारून ओल्या साडीनं दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढणारी बाई थंडीला कशाला भिईल, असा माझा तोरा होता. त्या तोऱ्यापायी पायाची बोटं जायची वेळ आली, ते सांगते.

वय सत्तावन्न. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, भाऊ-वहिनीबरोबर राहते. उत्तराखंडात भर हिवाळ्यात एक शिबिर होतं. बर्फात तंबू ठोकून राहायचं, बुटांखाली रुंद जाळ्या बांधून बर्फावरून चालायचं आणि चौथ्या दिवशी एका डोंगराचा माथा गाठायचा. मला तो माथा हवा होता. आजवर जिथे गेले तिथे कुणाच्या तरी कामाला गेले: लग्नांना, बाळंतपणांना, अस्थी घेऊन प्रयागला. एकदा तरी स्वतःसाठी कुठेतरी जायचं होतं, बस.

दादा भिक्षुकी करतो. म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं? दुसऱ्या दिवशी रडत परत येशील."

"रडेन, पण वर जाऊन रडेन," मी म्हटलं.

दोन महिने पाठीवर आट्याच्या दोन थैल्या बांधून घाट चढले-उतरले. नाववाले विचारायचे, मास्टरनीजी, आटा कुणाकडे पोचवताय? मी म्हणायचे, तुमच्या सासुरवाडीला.

शिबिराची प्रमुख तिथलीच पहाडी मुलगी, सव्वीस-सत्तावीसची. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं, अंगावर ओलं काही राहता कामा नये. मी मान हलवली. तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी सकाळी उणे अठरा होतं आणि माथ्यावर निघायचं होतं. आता बघा, आमच्या घरात आंघोळ केल्याशिवाय कुणी चहासुद्धा तोंडाला लावत नाही. तीन दिवस मी तशीच, पारोशी, जेवले होते. पण ज्या ठिकाणासाठी एवढा हट्ट केला, तिथे पारोशी कशी जाऊ? निदान पाय तरी धुवावेत. सगळ्यांनी तासभर बर्फ वितळवून केलेलं कोमट पाणी मी तंबूच्या दारात पायांवर ओतलं, घाईघाईनं पुसलं, मोजे चढवले. मनाला फार बरं वाटलं.

अर्ध्या तासात, तंबूतून निघायच्या आधीच, उजव्या पायाची बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. मोजा काढला, तर पांढरीफटक.

"आंटी, ये क्या किया आपने?" म्हणत त्या मुलीनं जॅकेट वर केलं आणि माझं पाऊल सरळ आपल्या उघड्या पोटावर घेतलं. मी झटक्यात मागे ओढलं. आमच्यात चुकून कुणाला पाय लागला तरी वाकून नमस्कार करायचा, आणि इथे परक्या लेकीच्या पोटावर पाय! लाजेनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं घोटा घट्ट धरला. "हिलिए मत." मग म्हणाली, तुम्ही खाली जाताय, सोबत माणूस देते.

"नाही जाणार."

"बोटं काळी पडली तर?"

"तर जाईन. तोवर बसते इथे."

संताप तिचाही झाला होता आणि माझाही, स्वतःवर. बाकीची मंडळी दुसऱ्या वाटाड्याबरोबर पुढे गेली. तासाभरानं तिनं मला डोळे मिटायला सांगितले आणि एकेक बोट दाबून विचारू लागली, कळतंय का? अंगठ्यापासून क्रमानं दाबत होती. चौथ्यानंतर पाचवं येणार, हे गणिताच्या बाईला सांगावं लागत नाही. हो म्हटलं असतं तर लगेच निघालो असतो. पण कॉपी करणाऱ्या किती पोरींना मी वर्गातून उठवलं होतं!

"करंगळी नाही कळत," मी म्हटलं.

तिनं पाऊल पुन्हा पोटाशी घेतलं. माझ्या थंडगार पायानं तिच्या अंगावर काटा आलेला मला दिसत होता. मी मनातल्या मनात करंगळीला शिव्या घातल्या, मग विनवण्या केल्या. आणखी तासानं करंगळीत विंचू डसल्यासारखी कळ गेली. मी ओरडले आणि ती हसली. बोटं लालबुंद झाली होती, फोड एकही नव्हता. तिनं आपले कोरडे मोजे माझ्या पायांत चढवले, जाळ्या स्वतः बांधल्या, आणि म्हणाली, पुन्हा बधिर वाटलं तर तिथूनच मागे. मी कबूल केलं.

आम्ही दोघीच निघालो. वाटेत वरून परतणारी मंडळी भेटली. त्यांतला एक म्हणाला, आता कशाला जाता, उशीर झालाय. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शंभर पावलं टाकायची, थांबून बोटं हलवून बघायची, पुन्हा शंभर. दुपारी माथ्यावर पोचलो. वर काही नव्हतं, नुसतं बर्फ आणि कानाला झोंबणारा वारा, आणि मला इतका आनंद झाला की रडायचंही सुचलं नाही.

"दस मिनट, आंटी. फिर नीचे," ती म्हणाली.

मी पंधरा मिनिटं उभी राहिले. दहा तिच्या हुकमानं, आणि पाच माझ्या मर्जीनं.